एका संघासाठी दोन राज्यांचा लिलाव

कॅन्सस आणि मिसुरी या राज्यांच्या विधिमंडळांतील सन्माननीय सदस्यांस,



22 डिसेंबर 2025 रोजी कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाने जाहीर केलं की 2031च्या हंगामापासून त्यांचे सामने मिसुरीतल्या ॲरोहेड स्टेडियमवर होणार नाहीत. ते कॅन्ससमधल्या वायंडॉट काउंटीत, नव्या छत असलेल्या स्टेडियममध्ये होतील. खर्च 3 अब्ज डॉलर. त्यातला 60 टक्के वाटा कॅन्सस राज्य रोखे काढून उभा करणार. जुन्या मैदानापासून नवी जागा गाडीने अर्ध्या तासावर आहे. संघाचं नाव तेच, शहर तेच, बघणारी माणसंही तीच.

मी कॅन्ससमध्ये राहतो आणि स्टेट लाइन रोड ओलांडून रोज मिसुरीत कामाला जातो. या रस्त्याच्या एका अंगाची घरं एका राज्यात आहेत आणि समोरची दुसऱ्यात. त्यामुळे हे पत्र दोन्ही विधिमंडळांना आहे. ते मराठीत लिहितो आहे, कारण इथे घरं घेतलेल्या, कर भरणाऱ्या आणि आता मतदानही करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींनी हा हिशेब आपल्या भाषेत वाचावा आणि मग तुमच्या कार्यालयांत फोन करावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ॲरोहेड मोडकळीला आलं म्हणून चीफ्स निघाले, असा कुणाचा समज असेल तर तो आधी दूर व्हायला हवा. 1967 साली जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी 4 कोटी 30 लाख डॉलरच्या रोख्यांना कौल दिला. त्या काळात बहुतेक शहरं फुटबॉल आणि बेसबॉल एकाच गोल स्टेडियममध्ये कोंबत होती. इथे मात्र दोन खेळांसाठी शेजारी शेजारी दोन मैदानं उभी राहिली. 1972मध्ये ॲरोहेड झालं आणि 1973मध्ये रॉयल्सचं, ज्याला आपण आज कॉफमन म्हणतो. एकाच खेळाचा विचार करून बांधल्यामुळे ॲरोहेडच्या अगदी वरच्या मजल्यावर बसलं तरी चेंडू नीट दिसतो. बसण्याचे थर वाडग्यासारखे आत वळलेले आहेत, त्यामुळे लोकांचा आवाज बाहेर न जाता मैदानावरच कोसळतो. 29 सप्टेंबर 2014च्या रात्री तो 142.2 डेसिबलपर्यंत गेला आणि उघड्या मैदानावरच्या सर्वांत मोठ्या गर्जनेचा जागतिक विक्रम झाला. सामन्याच्या दिवशी पार्किंगमध्ये सकाळपासूनच शेगड्या पेटतात. बर्न्ट एंड्सच्या धुराशेजारी आपलाच कुणीतरी दही-मसाल्यात मुरवलेली कोंबडी भाजत असतो आणि चार अनोळखी गाडीवाल्यांना आग्रहाने खायला घालत असतो. परक्या गावात आलेल्या आमच्यासारख्यांना या शहराने पहिल्यांदा आपलं म्हटलं ते त्या पार्किंगमध्ये.

2006मध्ये याच काउंटीच्या मतदारांनी डॉलरमागे तीन-अष्टमांश सेंट जादा विक्रीकर स्वतःहून पत्करला आणि दोन्ही मैदानं नव्यासारखी करून दिली. ॲरोहेडचं काम 2010मध्ये संपलं. फिफाने 2026च्या विश्वचषकाचे सहा सामने याच ॲरोहेडला दिले, त्यातला एक उपांत्यपूर्व फेरीचा. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला जी वास्तू चालते, ती हंगामातल्या नऊ-दहा घरच्या सामन्यांना चालत नाही, हे कुणालाही पटणार नाही.

खरी गोष्ट अशी आहे की काउंटीशी असलेला करार जानेवारी 2031मध्ये संपतो. अमेरिकेत स्टेडियमचं आयुष्य काँक्रीट ठरवत नाही, करारातली तारीख ठरवते. अटलांटाचा जॉर्जिया डोम 1992मध्ये उघडला आणि 2017मध्ये पाडला. टेक्सास रेंजर्सनी 1994चं मैदान 2019च्या हंगामानंतर सोडलं. सिॲटलचं किंगडोम 2000 साली सुरुंगाने उडवलं आणि त्याचं कर्ज लोक 2015पर्यंत फेडत राहिले.

2 एप्रिल 2024 रोजी चीफ्स आणि रॉयल्स यांनी तोच विक्रीकर आणखी 40 वर्षांसाठी मागितला. सुमारे 58 टक्के मतदारांनी नकार दिला. हा निकाल तीन महिनेही टिकला नाही. जूनमध्ये टोपेकाच्या विशेष अधिवेशनात तुम्ही, कॅन्ससच्या सदस्यांनी, स्टेडियमच्या खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत रोखे काढायची मुभा देणारा कायदा केला. पुढच्या वर्षी जूनमध्ये जेफरसन सिटीने, म्हणजे मिसुरीच्या सदस्यांनी, निम्म्यापर्यंत खर्च उचलायची तयारी दाखवली. एका काउंटीच्या लोकांनी विचार करून दिलेला नकार दोन राज्यांच्या बोलीत वाहून गेला.

तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. संघ जाणं म्हणजे काय, हे या शहराने भोगलं आहे. बेसबॉलचा ॲथलेटिक्स संघ 1955मध्ये फिलाडेल्फियाहून इथे आला आणि 1967चा हंगाम संपताच ओकलंडला निघून गेला. बास्केटबॉलचे किंग्ज 1985मध्ये सॅक्रामेंटोला गेले. आणि चीफ्स तरी कुठले? 1963मध्ये ते डॅलसहून आले, कारण इथल्या महापौरांनी जास्त तिकिटं खपवून देण्याचा आणि म्युनिसिपल स्टेडियमवर आसनं वाढवण्याचा शब्द दिला होता. त्या ॲथलेटिक्सचा पुढचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवा. 2024मध्ये त्यांनी ओकलंडही सोडलं. सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर तात्पुरता मुक्काम केला आणि नेवाडा राज्याने मंजूर केलेल्या 38 कोटी डॉलरच्या जोरावर लास व्हेगासचा रस्ता धरला. फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ओकलंड, लास व्हेगास. प्रत्येक शहराला वाटलं की आपण संघ मिळवला.

हे घडतं कारण संघ मुद्दाम मोजके ठेवलेले आहेत. एनएफएल या चीफ्सच्या लीगमध्ये 32 संघ आहेत. तेहतिसावा हवा असेल तर तो त्या 32 मालकांनीच ठरवायचा. खालच्या लीगमधून खेळून वर यायचा रस्ताच नाही. शिवाय टीव्हीचे हक्क सगळ्यांनी मिळून विकण्याची मुभा काँग्रेसने 1961च्या कायद्याने दिलेली आहे. 1995 ते 2015 या एकवीस हंगामांत लॉस एंजेलिससारख्या महानगरात एनएफएलचा एकही संघ नव्हता. ती रिकामी जागा बाकीच्या मालकांच्या फार कामाची होती. कुठल्याही शहराशी बोलणी अडली की लॉस एंजेलिसचं नाव काढायचं, एवढंच पुरे. कॅन्सस सिटीत ते काम राज्याची सीमारेषा करते. आपल्याकडे धमकी द्यायला दुसरं शहरही लागत नाही, रस्त्यापलीकडचं विधिमंडळ पुरतं.

पैशाचं गणितही समजून घ्यायला हवं, कारण स्टेडियममध्ये नेमकं काय नवं हवं असतं ते त्यावरून कळतं. ग्रीन बे पॅकर्स हा लोकांच्या भागभांडवलावर चालणारा संघ असल्यामुळे आपला हिशेब जाहीर करतो. त्यावरून दिसतं की मार्च 2025अखेरच्या वर्षात लीगच्या सामाईक उत्पन्नातून त्याला 43 कोटी 26 लाख डॉलर मिळाले. हा वाटा सगळ्यांना सारखाच असतो. साध्या तिकिटांच्या पैशातलाही भाग पाहुण्या संघांकडे जातो. आलिशान स्वीट्सचं उत्पन्न मात्र वाटावं लागत नाही. म्हणून दर पिढीला काचेच्या खोल्या, क्लब लाउंज आणि जेवणाची दालनं वाढवणारी नवी इमारत हवी असते. मालकाच्या वाट्याला येणारं उत्पन्न त्या खोल्यांत आहे आणि त्या खोल्यांचा पाया आमच्या करातून घातला जातो. स्टेडियममुळे गावाची भरभराट होते, या दाव्याची तपासणी रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट यांनी 1997मध्येच केली होती. त्यांना त्यात तथ्य आढळलं नाही. कुटुंब सामन्याला जेवढे पैसे घालवतं तेवढे ते सिनेमाला आणि हॉटेलला कमी घालवतं.

आता युरोपकडे बघा. तिथेही नवी स्टेडियमं होतात, आणि कधीकधी इथल्याइतकीच महागडी. फरक कारणांत आहे. 2025-26च्या प्रीमियर लीगच्या वीस क्लबांपैकी सात एकट्या लंडनचे. क्लबने दुसऱ्या शहरात जायची धमकी द्यायची म्हटली तर तिथे आधीपासूनच कुणीतरी नांदत असतं. हरला तर क्लब स्वतः खालच्या श्रेणीत घसरतो आणि छोट्या गावातला वर येतो. मोकळी जागा नाही, म्हणून धमकीला वजन नाही. इंग्लंडमधल्या बांधकामांच्या मागे पहिलं मोठं कारण ठरलं ती एक भयंकर दुर्घटना. 1989मध्ये हिल्सबरोला झालेल्या चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली आणि त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर उभं राहून सामना बघणं बंद केलं. तेव्हा बसण्याच्या जागा करायला सरकारी सवलतीतून अनुदानं मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती, कारण प्रश्न जिवांचा होता.

त्यानंतर आला तो जागांचा आणि पैशांचा प्रश्न. आर्सेनलला हायबरी पुरेना, म्हणून 2006मध्ये त्याच भागात एमिरेट्स उभं राहिलं. खर्च 39 कोटी पाउंड. जुन्या मैदानाचे फ्लॅट करून विकले, बँकेचं कर्ज काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं चांगले खेळाडू विकत काटकसरीत दिवस काढले. टॉटनहॅमने 2019मध्ये जुन्या व्हाइट हार्ट लेनच्याच जागी नवं बांधलं, तेही स्वतःच्या कर्जावर. लिव्हरपूलचे मालक अमेरिकन आहेत. बॉस्टनमध्ये त्यांच्याच ताब्यात 1912चं फेनवे पार्क आहे आणि ते त्यांनी जपलं आहे. ॲनफिल्डवरही त्यांनी नव्या जागेचा नाद सोडून एकेक स्टँड वाढवत नेला आणि आता तिथे 61,000 लोक बसतात. स्टॅनली पार्कच्या पलीकडे एव्हर्टन 1892पासून गुडिसन पार्कवर खेळत होतं. तिथे कितीतरी प्रेक्षकांच्या नजरेसमोर लोखंडी खांब यायचे. 2025मध्ये ते ब्रॅमली-मूर गोदीतल्या नव्या मैदानावर गेले, तेही मुख्यतः मालकांच्या पैशावर आणि कर्जावर. या कामाची झळ लिव्हरपूल शहरालाही बसली. युनेस्कोने 2021मध्ये शहराचा वारसास्थळाचा दर्जा काढला, त्यात या स्टेडियमचाही भाग होता.

युरोप चुकत नाही असं मी म्हणत नाही. लंडनचं ऑलिंपिक स्टेडियम फुटबॉलयोग्य करायला 32 कोटी पाउंडांहून जास्त खर्च आला आणि वेस्ट हॅमने त्यात दीड कोटी घातले. बाकीचा भार लोकांवर आहे. पोर्तुगालने 2004च्या युरो स्पर्धेसाठी दहा मैदानं तयार केली आणि त्यातली लेइरिया, अवेरो आणि फारोची मैदानं नंतर ओस पडली.

आणि विम्बल्डन. टेनिससाठी प्रसिद्ध असलेल्या त्या उपनगराचा फुटबॉल क्लब 1988मध्ये एफए कप जिंकला होता. नंतर मैदान गेलं, पैसा आटला आणि मालकांना शंभर किलोमीटरच्या आतच असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहराने खुणावलं. 2002च्या मे महिन्यात तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. इंग्लंडमध्ये अमेरिकेसारखं स्थलांतर म्हणावं असं ते एकमेव ठळक उदाहरण. त्यावर लोकांनी काय केलं ते तुम्ही जरूर ऐका. त्याच उन्हाळ्यात त्यांनी विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर कुणाही खेळाडूला येऊ देत निवड चाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन हा आपला क्लब काढला. तो नवव्या श्रेणीतून सुरू झाला. गावोगावच्या छोट्या मैदानांवर हजारोंनी लोक जायचे. 2011मध्ये क्लब फुटबॉल लीगमध्ये पोचला. 2020मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्याचं नवं स्टेडियम उभं राहिलं. त्यासाठी पैसा कमी पडला तेव्हा चाहत्यांनी स्वतः रोखे घेऊन लाखो पाउंड जमवले. 2025मध्ये हा क्लब वरच्या श्रेणीत गेला आणि मिल्टन कीन्सला नेलेला मूळ क्लब त्या वर्षी खालीच राहिला. हे तिथे शक्य झालं, कारण खालून वर येण्याची वाट उघडी होती. आपल्याकडे ओकलंडच्या किंवा सेंट लुइसच्या लोकांनी कितीही जीव तोडून नवा संघ काढला तरी एनएफएलचं दार त्याला उघडणार नाही.

सेंट लुइसचं नाव आलं आहे, तर मिसुरीच्या सदस्यांशी थोडं सविस्तर बोलतो. 1995मध्ये रॅम्स यावेत म्हणून शहर, काउंटी आणि तुमच्या राज्याने मिळून डोम बांधला. करारात कलम होतं की ठरलेल्या वर्षी तो डोम देशातल्या पहिल्या पाव भागातल्या स्टेडियममध्ये बसला पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. लवादाने 2013मध्ये संघाच्या बाजूने कौल दिला. सुमारे 70 कोटी डॉलरची नवी दुरुस्ती करणं स्थानिक मंडळाला शक्य नव्हतं आणि 2016मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. रोख्यांचे हप्ते त्यानंतरही चालू राहिले. खटल्याच्या तडजोडीतून 2021मध्ये 79 कोटी डॉलर मिळाले, संघ मिळाला नाही. त्या संघाचे मालक स्टॅन क्रोएंके यांनी इंगलवूडमध्ये 5 अब्ज डॉलरच्या घरातलं स्टेडियम मुख्यतः खासगी पैशावर बांधलं. आज आर्सेनलही त्यांच्याच मालकीचा आहे. लंडनमध्ये कुणी त्यांना राज्याच्या तिजोरीतून रोखे देऊ करत नाही आणि ते आर्सेनल हलवण्याची भाषाही करत नाहीत. मालक एकच. आजूबाजूचे नियम वेगळे असले की तोच मालक वेगळा वागतो.

कॅन्ससच्या सदस्यांनो, तुम्ही म्हणता की नवा कर लावलेला नाही. स्टार रोख्यांची पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगतो. आखून दिलेल्या पट्ट्यात विक्रीकराची जेवढी वाढ होते ती तिजोरीत न जाता रोखेधारकांकडे वळते. समजा त्या पट्ट्यातल्या दुकानात मी मुलीला शाळेचे 60 डॉलरचे बूट घेतले. राज्याचा कर 6.5 टक्के, म्हणजे 3 डॉलर 90 सेंट. मुलीचा पाय वाढला म्हणून बूट घेतले, स्टेडियम होणार म्हणून घेतले नाहीत. गावात वस्ती वाढतेच आहे, महागाईने किमती वाढतातच आहेत, आणि ती सगळी वाढ स्टेडियमच्या खात्यावर जमा धरली जाईल. पट्टा जितका रुंद, तितके असे बूट जास्त. त्या 3 डॉलर 90 सेंटांतून शाळेला, रस्त्याला, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सेवांना जे मिळालं असतं ते कुठून भरून काढणार, हे मंजुरीच्या वेळी कुणी सांगितलं नाही. ती मंजुरी विधिमंडळातल्या मोजक्या नेत्यांच्या समितीने दिली. राज्यातल्या मतदारांपुढे हा प्रश्न कौलासाठी आलाच नाही.

सिनसिनाटीच्या हॅमिल्टन काउंटीने 1996मध्ये दोन स्टेडियमसाठी अर्धा टक्का विक्रीकर लावला. उत्पन्न अंदाजापेक्षा कमी पडलं, घरमालकांना कबूल केलेली करसवलत कापली गेली आणि काउंटीने आपलं सार्वजनिक रुग्णालय विकलं. तिथल्या बेंगल्स संघाच्या करारात तर भविष्यात होलोग्राफिक रिप्लेची यंत्रणा आली तर तीही काउंटीने पुरवावी असं लिहिलेलं होतं. तुम्ही सह्या करत असलेल्या कागदांतली अशी कलमं आम्हाला आधी वाचायला मिळावीत, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी तुमच्याच एका चांगल्या कामावर उभी आहे. कचेऱ्या आणि कंपन्या सीमारेषेच्या अलीकडून पलीकडे ओढण्यासाठी दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं सवलती देत होती आणि एकूण नोकऱ्या मात्र वाढत नव्हत्या. ते थांबवायला 2019मध्ये तुम्ही तह केलात. मिसुरीने कायदा केला, कॅन्ससच्या राज्यपालांनी आदेश काढला. त्या तहात व्यावसायिक क्रीडासंघ घाला. या महानगरात आधीपासून असलेल्या कुठल्याही संघाला दुसरं राज्य एक सेंटही देणार नाही, असं दोन्ही विधिमंडळांनी सारख्या शब्दांत लिहून पारित करावं. एकट्याने शस्त्र खाली ठेवायला कुणी धजावणार नाही, म्हणूनच ते दोघांनी एकाच वेळी करायचं.

तिसरी गोष्ट ओहायोकडून घ्यावी. क्लीव्हलँडचे ब्राउन्स बाल्टिमोरला पळवले गेल्यावर तिथे 1996मध्ये कायदा झाला की सार्वजनिक पैशावर उभ्या मैदानात खेळणाऱ्या संघाने हलण्याआधी सहा महिने सूचना द्यावी आणि स्थानिक लोकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. 2017-18मध्ये कोलंबस क्रू हा सॉकर संघ ऑस्टिनला निघाला तेव्हा याच कायद्याचा आधार घेऊन खटला भरला गेला, लोक रस्त्यावर आले, नवे मालक मिळाले आणि संघ राहिला. त्याच ओहायोने 2025मध्ये हा कायदा सैल केला आणि ब्राउन्सच्या नव्या स्टेडियमला 60 कोटी डॉलर देऊ केले. तुम्ही 1996चा ओहायो घ्या.

आणि वॉशिंग्टनला एक पत्र तुमच्याकडून जावं. 1986च्या करसुधारणा कायद्याने अशी अट घातली की करमुक्त रोख्यांच्या हप्त्यांत खासगी वापरकर्त्याच्या पैशाचा वाटा 10 टक्क्यांच्या वर गेला तर स्टेडियमची करसवलत जाते. हेतू असा होता की स्टेडियमना ही सवलत मिळूच नये. झालं असं की शहरं 90 टक्के भार स्वतः उचलू लागली, कारण संघाने कमी भरलं तरच रोखे स्वस्त पडतात. सिनेटर मॉयनिहन यांनी ही पळवाट बुजवणारं विधेयक 1996मध्ये मांडलं होतं. ते पारित झालं नाही. आपल्या दोन राज्यांचे चार सिनेटर आहेत.

पुढच्या अधिवेशनात तुमच्या समित्या साक्षींसाठी नागरिकांना वेळ देतील तेव्हा आमच्यापैकी काही जण टोपेकाला येतील आणि काही जेफरसन सिटीला. मी दोन्हीकडे येणार आहे. माझ्याबरोबर चीफ्सची लाल जर्सी घातलेली माणसं असतील, कारण आम्ही या संघाच्या विरोधात नाही. सुनावणीची तारीख आणि कराराचा पूर्ण मसुदा निदान तीस दिवस आधी जाहीर करा, एवढी तजवीज कृपया आत्ताच करून ठेवा.

आपला,
ओव्हरलँड पार्क, कॅन्सस येथील एक करदाता